खाडीचं पाणी, पॉन्डची कोळंबी आणि बाटलीतलं शेवाळ: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

रत्नागिरीत एका छोट्या लॅबमध्ये मी गेली बरीच वर्षं अल्गी वाढवण्याचं काम करतेय. अल्गी म्हणजे पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. लॅबमध्ये, एसटीत, लग्नात, मच्छी मार्केटात लोक तेच ते प्रश्न विचारतात आणि घाईत अर्धवट उत्तर दिलं की मलाच चैन पडत नाही, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवतेय.

शेवाळ तर आपोआप येतं, त्याच्यावर रिसर्च कशाला?

आपोआप येतं हे खरंय, विहिरीच्या पायऱ्यांवर येतं, गच्चीवरच्या टाकीत येतं. पण त्यातलं कुठलं येईल याचा काही नेम नाही, आणि हॅचरीला (जिथे कोळंबी-माशांची पिल्लं तयार करतात) पाहिजे असतं एक ठराविक जातीचं, ठराविक साइजचं, ठरलेल्या दिवशी तयार.

का ते सांगते. कोळंबीची एक मादी एका वेळी लाख-दीड लाख अंडी सहज देते. त्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पहिले दीड-दोन दिवस स्वतःच्या पोटातल्या बलकावर जगतं, काही खात नाही. त्यानंतर त्याला तोंड फुटतं आणि तिथून पुढे त्याला लगेच खाणं लागतं, आणि ते तोंड इतकं बारीक असतं की त्यात किटोसेरॉससारखी पाच-सात मायक्रॉनची अल्गीच जाते (एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या). त्या दिवशी टाकीत अल्गी नसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला मेलेल्या पिल्लांचा थर दिसतो. मग मालक म्हणतो सीड (म्हणजे पिल्लं) खराब होतं. सीड चांगलं होतं, उपाशी मेलं.

जिताडा माशाच्या पिल्लाचं अजून एक पायरी पुढे. ते अल्गी खात नाही, ते रोटिफर नावाचा बारीक जीव खातं, आणि रोटिफर खातो नॅनोक्लोरोप्सिस, जी दोन ते चार मायक्रॉनची असते. या अल्गीत ईपीए नावाचं ओमेगा-३ फॅट भरपूर असतं, ते रोटिफरमध्ये जातं, तिथून पिल्लात जातं. मासे खाल्ले की ओमेगा-३ मिळतं असं डॉक्टर सांगतात ना, तर ते मासा स्वतः जवळजवळ बनवत नाही, त्याची सुरुवात या शेवाळात आहे. मला या कामाचं वेड लागलं ते ही साखळी कळल्यापासून.

काम म्हणाल तर असं: टेस्ट ट्यूबमधून फ्लास्क, फ्लास्कमधून वीस लिटरचा कारबॉय (मोठी बाटली), तिथून टाकी. पाण्यात एफ/२ नावाचं मीडियम घालायचं (जगभर तेच चालतं, नायट्रेट, फॉस्फेट, थोडं लोह, विटामिन), ट्यूबलाइटखाली ठेवायचं, हवा सोडायची. आयसोक्रायसिस नावाच्या अल्गीचा कारबॉय चांगला वाढला की त्याला कोऱ्या चहासारखा सोनेरी तपकिरी रंग येतो. रोज सकाळी एक थेंब हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चौकटीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या. आणि एखाद्या दिवशी दार उघडल्या उघडल्या कळतं की काहीतरी बिघडलंय, रंग उतरलेला असतो, वर पांढरा फेस, तळाला मळकट गाळ, हलका कुजका वास. हवेच्या नळीतून एखादा परका जीव आत शिरला तरी दोन दिवसांत वीस लिटर साफ होतं. मग परत ट्यूबपासून सुरुवात.

पॉन्डचं पाणी हिरवं झालं, आनंद करू की घाबरू?

हिरवं किती आणि कधी यावर आहे. पांढरी-काळी सेकी डिस्क दोरीने पाण्यात सोडा, ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी छान आहे. रंग तपकिरी असेल तर अजून चांगलं, म्हणजे डायटम (तपकिरी रंगाची अल्गी) जास्त आहेत. गडद हिरवं, वीस सेंटिमीटरलाच डिस्क गायब, वर साय धरल्यासारखी, तर मात्र सावध व्हा.

अल्गी दिवसा ऑक्सिजन देते हे शाळेत शिकलो, पण रात्री ती पण तोच ऑक्सिजन वापरते हे लोक विसरतात. दुपारी तीनला ऑक्सिजनचा मीटर लावला की नऊ-दहा दाखवतो, सगळे खूश. तोच मीटर पहाटे चारला लावा. पाण्यात लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की कोळंबी खाणं सोडते, अजून खाली गेला की वर येते. एका मे महिन्यात, वळवाचं आभाळ सलग तीन दिवस भरलेलं, मी एका पॉन्डवर पहाटे उभी होते. टॉर्च मारला तर काठाला नुसते लाल डोळे चमकत होते, हजारोंनी, सगळी कोळंबी काठाला येऊन वर तोंड करून. लाइट रात्री गेली होती, जनरेटरला डिझेल नव्हतं. उन्हं येईपर्यंत निम्मा पॉन्ड गेला. त्या मालकाने नंतर आम्हाला विचारलं रोग कुठला होता. रोग कुठलाच नव्हता हो, तीन दिवस ऊन नाही म्हणून अल्गी मरायला लागली, मेलेली अल्गी कुजायला परत ऑक्सिजन लागला, आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद. म्हणून सांगते, आभाळ आलं की फीड कमी करा, एरेटर संध्याकाळपासूनच चालू ठेवा आणि डिझेल आधी भरून ठेवा.

आंध्रात एवढी कोळंबी होते, मग आपल्याकडे का नाही?

पहिलं कारण पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोही चार महिन्यांत. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली राहतं, बांधावरून माती वाहून येते, पीएच पडतो. त्यामुळे बरेच जण पावसाआधी हार्वेस्ट होईल असाच हिशोब धरतात, १०० ते १२० दिवसांचं पीक पकडलं तर जानेवारी-फेब्रुवारीत सीड टाकलेलं बरं. पॉन्डमध्ये माल असताना पाऊस आलाच तर वरचं पाणी उघाडीतून (पॉन्डचं पाणी आत-बाहेर करायच्या दारातून) काढून टाका आणि बांधाला चुना मारा.

दुसरं, जमीन. आपल्या खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) पट्ट्या अरुंद, मालकी दहा भावांत वाटलेली, बाजूला कांदळवन. कांदळवन तोडून पॉन्ड करायचा विचार कोणी डोक्यात आणू नका, कायद्याने गुन्हा आहे आणि चिंबोरी, कोळंबी, जिताडा सगळ्यांची पिल्लं तिथेच वाढतात.

तिसरं, १९९४ च्या सुमारास देशात व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा व्हायरसचा रोग आला आणि टायगर कोळंबीवाले झोपले. पाठोपाठ १९९६ मध्ये किनाऱ्यालगतच्या कोळंबी पॉन्डवर बंधनं घालणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, मग २००५ चा कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटी कायदा, ज्याच्यामुळे रजिस्ट्रेशन सक्तीचं झालं. २००९ मध्ये व्हॅनामेईला परवानगी मिळाली, ही मूळची पॅसिफिककडची, अमेरिकेच्या बाजूची कोळंबी. तिच्यासाठी चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० पिल्लं असा नियम आहे. शंभर टाकली तर जास्त पैसे असा सोपा हिशोब नसतो, पॉन्डमधलं पाणी तेवढंच असतं आणि त्यात ऑक्सिजनही तेवढाच.

पॉन्डच्या कोळंबीला इंजेक्शन देतात म्हणे?

एकेका कोळंबीला इंजेक्शन कोण देत बसणार, लाखांनी असतात. खरा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे, जे काही लोक खाद्यात मिसळतात, आणि तो प्रश्न गंभीर आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यशेतीत पूर्ण बंद आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्या माणसाच्या हाडातल्या मगजातलं रक्त तयार होणंच थांबतं, किती खाल्लं तर चालेल अशी सुरक्षित मर्यादाच ठरवता येत नाही, म्हणून थेट बंदी. युरोपने २०१६ पासून भारतातून येणाऱ्या पॉन्डच्या कोळंबीच्या निम्म्या कन्साइनमेंट तपासायचं ठरवलं ते याच भीतीने.

मला वाईट याचं वाटतं की एक्स्पोर्टचा माल तपासला जातो आणि गावच्या बाजारातल्या मालाला कोणी विचारत नाही. शेतकरी मुद्दाम वाईट करतो असं नाही, दुकानदार पुडी देतो, वर नाव असतं "ग्रोथ टॉनिक", आत काय आहे लिहिलेलं नसतं. कंटेंट छापलेला नसेल ती पुडी पॉन्डमध्ये टाकू नका, एवढं तरी करा. आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, त्यामुळे व्हाइट स्पॉटवर ते ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

व्हाइट स्पॉटवाली कोळंबी खाल्ली तर आपल्याला काही होतं का?

नाही. तो व्हायरस कोळंबी-खेकड्यांचा आहे, माणसाला होत नाही. फक्त ती कोळंबी धुतलेलं पाणी खाडीत किंवा दुसऱ्याच्या पॉन्डजवळ टाकू नका. आणि पाठीतला काळा धागा म्हणजे तिचं आतडं, विष नाही, पण काढलेला बरा.

जिताडा पाळायचाय, शेततळ्यात जमेल?

जमतो. अलिबाग-पेणकडे शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा सोडायची पद्धत जुनीच आहे. तो खाऱ्यात, निमखाऱ्यात, गोड्यात तिन्हीकडे वाढतो, अंडी मात्र खाऱ्या पाण्यातच घालतो. पूर्वी भरतीबरोबर खाडीत येणारी पिल्लं पकडण्यावरच सगळं होतं, चेन्नईच्या सीबा संस्थेने १९९७ मध्ये हॅचरीत त्याचं ब्रीडिंग जमवलं तेव्हापासून तयार सीडचा रस्ता उघडला.

दोन गोष्टी आधीच सांगते. एक, हा भावंडं खाणारा मासा आहे. नर्सरीत दर काही दिवसांनी मोठी-लहान वेगळी केली नाहीत तर महिन्याभरात तळ्यात थोडीच पण गलेलठ्ठ पिल्लं उरतील. दुसरी गोष्ट ऐकून सगळे चकित होतात, जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुतेक मादीच. सगळे मोठे काढले तर अंडी घालायला कोण राहणार याचा विचार आपण खाडीकाठच्या लोकांनी केला पाहिजे.

बांगडा खाल्ला आणि अंग लाल झालं, खाज सुटली. मला माशाची अ‍ॅलर्जी आहे का?

असेलही, पण पुष्कळदा नसते. मागे आमच्या नात्यातल्या एका लग्नात हेच झालं, जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सात-आठ जणांची तोंडं लाल, डोकं ठणकतंय, अंगाला खाज. एकाच वेळी आठ जणांना अ‍ॅलर्जी कशी होईल? बांगड्याचे क्रेट सकाळपासून मांडवामागे बर्फाशिवाय ठेवलेले होते.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन जास्त असतं. मासा गरमीत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे सोडतं ते हेच. एकदा तयार झालं की तळा, उकडा, फ्रीजरमध्ये टाका, जात नाही. वासही बऱ्याचदा येत नाही. त्रास झाला तर डॉक्टरकडे जा, आणि धाप लागत असेल तर अजिबात थांबू नका, पण डॉक्टरला कुठला मासा खाल्ला, आणि बाकी कोणाला झालं का, हे जरूर सांगा.

उपाय एकच, बर्फ. किलोला किलो, माशाचा थर मग बर्फाचा थर, जाळ्यातून काढल्यापासून. चार डिग्रीच्या आसपास राहिला तर हा त्रास होत नाही. मासे घ्यायला जाताना पिशवीऐवजी झाकणाचा डबा आणि त्यात थोडा बर्फ न्या. आमच्या मासेवाल्या मावशी सुरुवातीला माझ्याकडे बघत राहायच्या, आता त्या स्वतःच मूठभर बर्फ टाकून देतात.

फॉर्मेलिन लावलेला मासा घरी कसा ओळखायचा?

२०१८ मध्ये गोवा आणि केरळमध्ये यावरून मोठा गोंधळ झाला, तेव्हापासून हा प्रश्न रोजचा आहे. माशी बसत नाही, कल्ले लालच राहतात, मांस रबरासारखं लागतं, असल्या खुणांवर माझा भरवसा नाही, चांगला बर्फातला मासा पण घट्टच असतो. कोचीच्या सिफ्ट संस्थेने कागदी पट्टीचं टेस्ट किट काढलंय, माशावर पट्टी घासायची, वर रसायनाचा थेंब टाकायचा, रंगावरून दोन-चार मिनिटांत कळतं. मोठ्या मार्केटात हे किट असावं असं मला मनापासून वाटतं, खर्च फार नाही.

आता बोंबलाबद्दल, कारण यावरून बिचाऱ्या कोळणींवर आळ येतो. बोंबील मेल्यावर त्याच्या अंगातल्याच एका द्रव्यापासून थोडं फॉर्मल्डिहाइड (फॉर्मेलिन म्हणजे हेच पाण्यात विरघळवलेलं) आपोआप तयार होतं, कोणी काही न लावता. त्यामुळे बोंबलात ते सापडलं म्हणून लगेच कोणाला दोषी धरू नका, किती सापडलं ते बघायला लागतं.

कालवं, शिवल्या मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की स्वच्छ होतात ना?

रेती निघते. जंतू निघत नाहीत.

माझी आत्या ओहोटीला खडपावर बसून कोयतीने कालवं फोडायची, हाताला चिरा पडलेल्या, डब्यात कालवं आणि वर थोडं खाडीचंच पाणी. तेव्हा खाडीकाठी वस्ती कमी होती. आज त्याच खडपाच्या वरच्या अंगाला गटार येऊन मिळतंय. कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, त्यातली अल्गी खातं आणि पाण्यात जे काही असेल, सांडपाण्याचे जंतू, कावीळचा व्हायरस, ते सगळं पोटात साठवतं. १९८८ मध्ये शांघायला अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती.

युरोपात नियम आहे की १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) २३० च्या आत असेल तरच शिंपले थेट विकायचे, नाहीतर डेप्युरेशन करायचं, म्हणजे यूव्हीने शुद्ध केलेल्या समुद्राच्या वाहत्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवायचं, मग ते स्वतःच पोट साफ करतात. बादलीतल्या साचलेल्या पाण्यात हे होत नाही, एकाने सोडलेली घाण दुसरा परत गिळतो. घरी एवढं करा: गटाराच्या तोंडाजवळची घेऊ नका, पहिल्या पावसानंतर घेऊ नका, तोंड उघडून पडलेली आणि टिचकी मारली तरी न मिटणारी टाकून द्या, आणि शिंपी उघडल्यावर लगेच गॅस बंद करू नका, मांस आतपर्यंत ९० डिग्रीला दीड मिनिट राहिलं पाहिजे, म्हणजे चांगली उकळी तीन-चार मिनिटं तरी. आमच्याकडे तिसऱ्यांचं सुकं नुसत्या वाफेवर करतात, मी पण करते, फक्त झाकण अजून थोडा वेळ ठेवते.

रात्री लाटा निळ्या चमकतात तेव्हा मासे खाऊ नयेत का?

ती नॉक्टिल्युका, पाण्यातला चमकणारा सूक्ष्म जीव. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर लोकांनी व्हिडिओ काढले ती हीच. ती स्वतः आपल्याला विषारी नाही, पण खूप झाली की अमोनिया सोडते, कुजताना ऑक्सिजन खाते आणि मासे तिथून निघून जातात. मासे खायला हरकत नाही, मेलेले तरंगणारे सोडून.

वेगळी भीती दुसऱ्या काही अल्गीची आहे, ज्या सॅक्सिटॉक्सिन बनवतात. ते शिंपल्यांत साठतं, ओठ-जीभ बधिर होते, जास्त झालं तर श्वासाचे स्नायूच थांबतात आणि शिजवून हे विष जात नाही. आपल्याच किनाऱ्यावर मंगळूरच्या बाजूला १९८३ मध्ये अशी विषबाधा झाल्याची नोंद आहे. समुद्राचा रंग अचानक लाल-तपकिरी, वास वेगळा, असं दिसलं तर पाणी निवळल्यावरही काही आठवडे शिंपले, कालवं बंद. आणि खाल्ल्यावर तोंड बधिर झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

स्पिरुलिना घरी टाकीत करता येईल का?

येतो. स्पिरुलिना म्हणजे खाण्यासाठी वाढवतात ते निळं-हिरवं शेवाळ. त्याला खारट, बेकिंग सोड्यासारखं पाणी लागतं, पीएच नऊ ते साडेदहा, उष्णता ३० ते ३५ डिग्री. आपलं लोणारचं सरोवर बघा, तिथल्या खाऱ्या-सोड्याच्या पाण्यात तो आपणहून वाढतो. कोकणात उन्हाळा त्याला मस्त मानवतो, जून ते सप्टेंबर मात्र ऊन नाही आणि टाकीत पाऊस गेला की पीएच उतरतो आणि दुसरं शेवाळ शिरतं. त्यातलं काही लिव्हरला घातक विष बनवतं, म्हणून वर पारदर्शक छप्पर पाहिजेच आणि विकायचं असेल तर लॅब टेस्ट पण पाहिजेच.

प्रोटीन वाळल्यावर ५५ ते ७० टक्के, हे खरं. बी-१२ भरपूर असतं अशी जाहिरात करतात ती फसवी आहे, त्यातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी लोकांनी त्यावर विसंबून राहू नये.

ट्रेनिंग आणि सबसिडी कुठे?

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं शिरगावला, रत्नागिरीत, मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा, लोक बोलतात. पीएम मत्स्य संपदा योजनेत (२०२० पासून) साधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, त्याचे फायदे काय लागू झालेत ते जिल्ह्याच्या मत्स्य ऑफिसात विचारून घ्या. पण सबसिडी बघून पॉन्ड खणू नका, आधी पाणी तपासा.

पाण्याचा सॅम्पल कसा आणायचा?

कृपा करून कोल्ड्रिंकच्या न धुतलेल्या बाटलीत आणू नका. स्वच्छ लिटरची बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, हात कोपरापर्यंत खाली घालून पाण्याखालीच भरा, पाण्याखालीच झाकण लावा, वर हवा राहता कामा नये. दोन बाटल्या, एक पहाटेची, एक दुपारची. ऑक्सिजन मात्र जागेवरच मोजायचा असतो, तो बाटलीतून येत नाही. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवा, वर तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी, शेवटचा पाऊस कधी पडला ते लिहा, आणि त्याच दिवशी आणा. कोळंबी मरत असेल तर मेलेली आणू नका, मरायला टेकलेली पाच-सहा जिवंतच आणा, मेलेलीत नंतर शिरलेले जंतू मिसळतात आणि मूळ कारण सापडत नाही.

आणि पाणी चांगलं निघालं नाही तर?

तर त्या वर्षी सीड टाकू नका. हे सांगताना मला दरवेळी जड जातं, समोरच्याने कर्ज काढलेलं असतं, पॉन्ड खणून झालेला असतो. तरी मी तेच सांगते, आणि मग त्याच्याबरोबर उघाडीपाशी जाऊन बघते की पाणी नेमकं कुठून येतंय.